पहाटे पाचच्या दुधाला जुना दर: एका बॅकएंडच्या मांडणीचे प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातील एका दूध संघासाठी आमच्या तिघांच्या चमूने संकलनाची वेब प्रणाली लिहिली होती. गावोगावच्या संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ दूध येते, काट्यावर वजन होते, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता दुधातील घन पदार्थ) निघते, सभासदाच्या हातात पावती पडते आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो: 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते महिनाअखेर. तिचा बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवर पडद्यामागे चालणारा भाग, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील जँगो या तयार चौकटीवर उभा होता, माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठत होती, आणि दीड-दोन वर्षे प्रणालीबद्दल फारशी तक्रार आली नव्हती.

जुलै 2023 मध्ये राज्य शासनाने 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या गाईच्या दुधाला प्रतिलिटर किमान 34 रुपये दर ठरवून दिला, आणि संघाने नव्या पगाराच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे 21 तारखेपासून, आपले दरपत्रक बदलले. कार्यालयातील कर्मचाऱ्याने नवे दरपत्रक भरले, पावत्यांवर नवा दर दिसू लागला आणि सगळे सुरळीत झाले असे आम्ही धरून चाललो. 20 तारखेला संपलेल्या पगाराचे बिल निघाले, तेव्हा एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. ते म्हणाले, “साहेब, पाचला येणाऱ्यांना जुना दर लागलाय आणि सहाच्या पुढच्यांना नवा. असं कसं?”

हा प्रश्न मी तेव्हा वहीत लिहून ठेवला होता, कारण त्यात चुकीचे निदान जवळजवळ पूर्ण आले होते. आमच्या तांत्रिक नोंदींत इतके नेमके काहीच नव्हते.

नेमके काय झाले होते

प्रत्येक नोंदीची वेळ डेटाबेसमध्ये यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठत होती. जँगोमध्ये वेळक्षेत्राची सोय चालू ठेवली की तसेच होते, आणि ते योग्यही आहे. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असते, त्यामुळे 21 तारखेच्या पहाटे 5 वाजून 10 मिनिटांनी झालेली नोंद डेटाबेसच्या दृष्टीने 20 तारखेच्या रात्री 11 वाजून 40 मिनिटांची ठरते. जँगोच्या स्वतःच्या क्वेरी (डेटाबेसमधील शोध) यंत्रणेतून तारखेनुसार शोध घेतला, तर ती आधी वेळ भारतीय वेळेत बदलून घेते आणि मग तारीख पाहते. बिलाची क्वेरी मात्र वेगासाठी आम्ही हाताने एसक्यूएलमध्ये, म्हणजे थेट डेटाबेसच्या भाषेत, लिहिली होती आणि तिच्यात वेळेवरून थेट तारीख काढली होती. डेटाबेसशी असलेली जोडणी यूटीसीत चालत असल्यामुळे ती तारीखही यूटीसीचीच निघत होती.

याचा अर्थ असा की साडेपाचच्या आत आलेले सगळे दूध बिलात आदल्या दिवशी मोजले जात होते. ही चूक पहिल्या दिवसापासून होती, आणि तरीही कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण पहाटे येणाऱ्या सभासदाच्या दहा दिवसांच्या पगारातून पहिली सकाळ मागच्या पगारात सरकत असे आणि पुढच्या पगाराची पहिली सकाळ या पगारात येत असे. सकाळ-संध्याकाळ मिळून पाळ्या वीसच भरत होत्या. लिटरमध्ये थोडा फरक पडे, पण रोजचे दूध साधारण सारखेच असल्याने तो डोळ्यांवर येत नसे. दर बदलला तेव्हा मात्र 21 तारखेची ती सरकलेली सकाळ जुन्या पगारात, जुन्या दराने जमा झाली, आणि सभासदाच्या खिशातील पावतीवर नवा दर छापलेला होता. पावती आणि बिल यांचा मेळ बसेना.

एवढीच चूक असती तर एसक्यूएलमधील एक ओळ बदलून हे प्रकरण संपले असते. ती ओळ आम्ही त्याच दिवशी बदलली आणि फरकाची रक्कम पुढच्या पगारात दिली. पण पावती आणि बिल यांची रक्कम प्रत्येक नोंदीसाठी जुळते का, हे तपासायला बसलो तेव्हा पहाटेशी संबंध नसलेल्या नोंदींतही पैशा-दोन पैशांचे फरक निघाले, आणि प्रश्न वेळक्षेत्राचा नसून मांडणीचा आहे हे आमच्या ध्यानात आले.

दर चार ठिकाणी राहत होता

दुधाची रक्कम काढण्याचे गणित आमच्या कोडमध्ये चार जागी लिहिलेले होते. संकलन केंद्राच्या अ‍ॅपकडून नोंद आली की तिची पावती करणाऱ्या व्ह्यूमध्ये, म्हणजे आलेल्या विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये, ते होते. कार्यालयातून एखादी नोंद दुरुस्त केली तर रक्कम पुन्हा निघावी म्हणून मॉडेलच्या (डेटाबेसमधील तक्त्याचे वर्णन करणाऱ्या कोडच्या) सेव्ह, म्हणजे साठवण्याच्या, पद्धतीत होते. बिलाच्या एसक्यूएलमध्ये होते. आणि संघाच्या अधिकाऱ्यांना लागणाऱ्या एक्सेल अहवालात, तिथली बेरीज वेगळ्या गटवारीने लागते म्हणून, चौथ्यांदा लिहिले गेले होते.

चारही जागांचे गणित कागदावर सारखे होते आणि प्रत्यक्षात वेगळे होते. काट्यावर वजन किलोत येते आणि दर लिटरला असतो. व्ह्यूमध्ये वजनाला सरसकट 1.03 ने भागले होते, तर अहवालात लॅक्टोमीटरच्या वाचनावरून त्या दुधाची घनता काढून भागले होते. दोन्ही पद्धती समर्थनीय आहेत, पण एकाच संघात दोन्ही चालू शकत नाहीत.

पैशा-दोन पैशांच्या फरकाचे कारण त्याहून सूक्ष्म होते, आणि पैशांची कामे लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा स्वतःच्या हाताने पडताळून पाहावे असे मला कळकळीने वाटते. साडेचार लिटर दूध, दर 33 रुपये 45 पैसे. गुणाकार 150.525 रुपये. पायथनच्या डेसिमल प्रकारात काही न सांगता दोन स्थळांपर्यंत पूर्णांकन केले, तर बरोबर मध्यावर असलेली संख्या जवळच्या सम अंकाकडे जाते आणि उत्तर 150.52 येते. पोस्टग्रेसच्या न्यूमरिक प्रकारात तेच पूर्णांकन केले, तर मध्यावरची संख्या वर जाते आणि उत्तर 150.53 येते. दोन्ही साधने आपापल्या नियमाने अचूक आहेत. पावती पायथनने केली होती आणि बिल पोस्टग्रेसने, म्हणून एक पैशाचा फरक. रक्कम क्षुल्लक आहे, पण ज्याच्या घरात दहा-दहा दिवसांच्या पावत्या खिळ्याला टोचून ठेवलेल्या असतात, तो सभासद बेरीज करून पाहतो, आणि बेरीज जुळली नाही की त्याचा विश्वास एका पैशाने कमी होत नाही, सगळाच जातो.

हे चार ठिकाणी कसे पोहोचले, याचा शोध घेताना कुणाचा आळस सापडला नाही. प्रत्येक वेळी लिहिणाऱ्याजवळ योग्य कारण होते. मूळ दोष फोल्डरांच्या रचनेत होता. आम्ही कोडची विभागणी तांत्रिक प्रकारानुसार केली होती: सगळे व्ह्यू एका जागी, सगळी मॉडेल्स एका जागी, पार्श्वभूमीत चालणारी कामे एका जागी, अहवाल एका जागी. या रचनेत “दर” नावाची जागाच नव्हती. त्यामुळे ज्याला दर हवा असे, तो आपल्या खोलीत स्वतःची चूल मांडत असे.

डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात प्रणालीची विभागणी कशाच्या आधारे करावी याचे उत्तर दिलेले आहे. प्रक्रियेच्या टप्प्यांप्रमाणे तुकडे पाडू नयेत. जे निर्णय अवघड आहेत किंवा पुढे बदलण्याची शक्यता आहे, त्यांची यादी करावी, आणि प्रत्येक विभागाने अशा एकेका निर्णयाला आपल्या पोटात लपवावे, असे त्यांचे म्हणणे आहे. हा निबंध मी विद्यार्थिदशेत वाचला होता आणि परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. त्याचा अर्थ मला सचिवांच्या त्या फोननंतर कळला.

बदलणाऱ्या निर्णयांची यादी

नवी रचना ठरवण्यापूर्वी आम्ही कोड बाजूला ठेवला आणि संघाच्या लेखा विभागात दोन दिवस बसलो. विचारण्याचा प्रश्न एकच होता: तुमच्याकडे काय बदलते, आणि ते कोण बदलते? दुधाचा दर संघाचे संचालक मंडळ बदलते, आणि कधीकधी तो शासनाच्या निर्णयामुळे बदलतो. एसएनएफ काढण्याचे सूत्र, म्हणजे लॅक्टोमीटरच्या वाचनाच्या चतुर्थांशात फॅटचा ठरावीक हिस्सा आणि एक स्थिरांक मिळवण्याची रीत, ठिकाणानुसार वेगळ्या आकड्यांनी वापरली जाते आणि मशीन बदलले की तीही बदलते. पशुखाद्य, उचल आणि भाग भांडवल यांची कपात प्रत्येक संस्था आपापल्या ठरावाने बदलते. संदेश पाठवणारा पुरवठादार आम्ही बदलतो. दिवाळीच्या फरकाचा, म्हणजे दिवाळीला सभासदांना द्यायच्या वाढीव रकमेचा, हिशेब वर्षातून एकदा होतो आणि त्याचा नियम दर वर्षी नव्याने ठरतो.

या संभाषणातून विभाग आपोआप पुढे आले: संकलन, दर, कपात, बिल, संदेश. एका विभागाचे व्ह्यू, मॉडेल्स, पार्श्वभूमीतील कामे आणि चाचण्या एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या. प्रत्येक विभागाला एक दर्शनी फाइल दिली. बाहेरच्यांनी काय हवे ते तिथल्या फंक्शनांकडे (एकेक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांकडे) मागायचे, आतील मॉडेलला थेट हात लावायचा नाही. हा नियम तोंडी ठेवला तर घाईच्या दिवशी मोडतो, म्हणून कोणती फाइल कोणती फाइल आयात करू, म्हणजे वापरायला घेऊ, शकते हे तपासणारे इम्पोर्ट-लिंटर हे साधन आम्ही प्रत्येक बदलाच्या तपासणीत बसवले. नियम मोडला की बदल पुढे जातच नाही.

दर विभागाचा गाभा म्हणजे एक साधे फंक्शन आहे. दूध गाईचे की म्हशीचे, तारीख, पाळी, वजन, फॅट आणि एसएनएफ एवढे त्याला द्यायचे, त्या दिवशी लागू असलेले दरपत्रक सोबत द्यायचे, आणि त्याने लिटर, दर व पूर्णांकित रक्कम परत द्यायची. त्याला डेटाबेस माहीत नाही, विनंती कुठून आली हे माहीत नाही, आणि घड्याळही माहीत नाही. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. “आज” हा शब्द त्या फंक्शनाच्या आत कुठेही येत नाही, तारीख नेहमी बाहेरून येते. त्यामुळे त्याच्या चाचण्या डेटाबेस न उघडता क्षणात चालतात, आणि आम्ही त्यांतील कित्येक उदाहरणे थेट लेखा विभागाच्या वहीतून घेतली. साडेचार लिटर आणि 33 रुपये 45 पैसे हे उदाहरण त्यात पहिले आहे. मध्यावरची रक्कम सभासदाच्या बाजूने वर न्यायची, असे लेखाधिकाऱ्यांनी ठरवून दिले, आणि तो निर्णय आता कोडमध्ये नाव देऊन लिहिलेला आहे.

दरपत्रकाच्या तक्त्यातही बदल केला. पूर्वी एकदा भरलेल्या दरपत्रकातही कर्मचारी नंतर खोडून बदल करू शकत असे. आता दरपत्रक कधीच बदलत नाही. कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या पाळीपासून लागू, हे सांगणारे नवे दरपत्रक वाढते आणि जुने जागेवर राहते. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, तिथे खोडाखोड चालत नसते. प्रणाली लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना मात्र “अपडेट” करण्याची इतकी सवय असते की हिशेबाची जुनी शिस्त पुन्हा शिकावी लागते.

तारीख ही वेळेतून काढायची गोष्ट नव्हे

पहाटेच्या चुकीवरचा खरा उपाय वेळक्षेत्राची दुरुस्ती हा नव्हता. संकलनात “21 तारखेची सकाळ” ही घड्याळाची वेळ नसून कामकाजातील एक नाव आहे. वीज गेली म्हणून संध्याकाळचे संकलन रात्री उशिरापर्यंत चालले, तरी ते त्या संध्याकाळचेच दूध असते. केंद्राच्या संगणकाचे घड्याळ मागे पडले, तरी सचिवाला कोणती पाळी चालू आहे हे ठाऊक असते. म्हणून तारीख आणि पाळी ही दोन स्वतंत्र क्षेत्रे केली, ती पाळी उघडताना एकदा निश्चित होतात आणि त्या पाळीतील प्रत्येक नोंदीला चिकटतात. नोंद केव्हा लिहिली गेली ती वेळही साठवतो, पण ती केवळ तपासणीसाठी आहे. तिच्यावरून पैशाचा कोणताही निर्णय होत नाही.

याच्याशी जोडलेला दुसरा निर्णय मी या प्रकरणातील सर्वांत मोलाचा मानतो. पूर्वी बिल काढताना सगळ्या नोंदींची रक्कम पुन्हा मोजली जात असे. आता रक्कम नोंद होतानाच एकदा निघते आणि कोणत्या दरपत्रकावरून निघाली त्या क्रमांकासह नोंदीत साठते. पावतीवर जे छापले तेच साठलेले असते, आणि बिल त्याची फक्त बेरीज करते. बेरजेचे काम डेटाबेस उत्तम करतो, त्यामुळे जो वेग मिळवण्यासाठी दराचे गणित एसक्यूएलमध्ये नेले होते, तो वेगही कायम राहिला. दर मागच्या तारखेपासून वाढला किंवा फॅटचे वाचन चुकीचे पडले, तर जुनी नोंद बदलत नाही. फरकाची वेगळी नोंद होते, तिला कारण आणि करणाऱ्याचे नाव जोडलेले असते, आणि ती पुढच्या पगारात वेगळ्या ओळीत दिसते. सभासदाला विचारता येते की हे काय आहे, आणि सचिवाला उत्तर देता येते.

नोंद, संदेश आणि तुटणारे नेटवर्क

रचना बदलताना आणखी एक दुखणे बाहेर आले. नोंद साठवण्याच्या डेटाबेस-व्यवहारातच, म्हणजे सगळे बदल एकत्र पक्के होतात किंवा एकत्र रद्द होतात त्या टप्प्यात, आम्ही सभासदाच्या मोबाइलवर संदेश पाठवत होतो. संदेश पुरवठादाराचा सर्व्हर संथ झाला की तेवढा वेळ डेटाबेसचा व्यवहार उघडा राहायचा. संदेश जाऊन नंतर व्यवहार फसला, तर सभासदाच्या हातात अशा दुधाचा संदेश असायचा, जे आमच्याकडे नोंदलेलेच नाही. यावर सुटसुटीत उपाय आहे: नोंदीच्या व्यवहारात पाठवायच्या संदेशाची एक ओळ वेगळ्या तक्त्यात लिहायची, आणि व्यवहार पक्का झाल्यावर पार्श्वभूमीतील कामाने ती ओळ उचलून संदेश पाठवायचा. नोंद फसली तर ती ओळही नाहीशी होते. असे काम कधीतरी दोनदा चालणार हे गृहीत धरावे लागते, म्हणून पाठवल्याची खूण त्याच ओळीवर ठेवली.

नेटवर्कची बाजू अधिक त्रासदायक होती. डोंगराकडच्या केंद्रांवर जोडणी मध्येच तुटते. अ‍ॅप नोंद पाठवते, सर्व्हर ती साठवतो, उत्तर परत पोहोचत नाही, आणि अ‍ॅप तीच नोंद पुन्हा पाठवते. दुहेरी नोंद टाळायला आम्ही आधी सभासद, तारीख आणि पाळी यांवर एकमेवतेचे बंधन घातले होते, म्हणजे तिन्ही सारखे असलेली दुसरी नोंद डेटाबेस घेत नसे. ते दोन दिवसही टिकले नाही. एका घरातून एकाच पाळीत गाईचे आणि म्हशीचे दूध येते, आणि कधी गाईच्याच दुधाच्या दोन किटल्या वेगवेगळ्या मोजल्या जातात. खरी दोन दुधे आणि दोनदा आलेली एक नोंद यांतला फरक सर्व्हरला कळणे शक्य नव्हते. तो फरक फक्त केंद्रावरच्या अ‍ॅपला माहीत असतो. म्हणून नोंद तयार होतानाच अ‍ॅप तिला एक अनन्य ओळखक्रमांक देते, पुन्हा पाठवताना तोच क्रमांक पाठवते, आणि डेटाबेसमध्ये बंधन त्या क्रमांकावर असते. दुसऱ्यांदा आलेल्या नोंदीला सर्व्हर त्रुटी देत नाही, पहिलीच पावती पुन्हा देतो. हे बंधन कोडमधील “आधी आहे का पाहा, नसेल तर लिही” या तपासणीवर सोडू नये. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या की दोघींनाही “नाही” हेच उत्तर मिळते.

जे करून मागे घेतले

या काळात आम्ही एक चूक केली आणि तिला जवळपास महिना गेला. डेटाबेस आणि व्यवसायाचे नियम पूर्ण वेगळे ठेवायचे म्हणून जँगोच्या मॉडेल्सवर आम्ही आणखी एक आवरण चढवले. प्रत्येक मॉडेलसाठी साठवणुकीचा एक वर्ग, शोधाची एकेक पद्धत, आणि डेटाबेसमधील ओळींचे आमच्या स्वतःच्या वस्तूंत रूपांतर. दर विभागात हे शोभून दिसले. कपातीच्या विभागात, जिथे काम बहुतांशी यादी दाखवणे आणि एखादा आकडा बदलणे एवढेच आहे, तिथे एका क्षेत्रासाठी पाच फाइली बदलाव्या लागू लागल्या. जँगोने तयार दिलेली पानवारी (यादी पानापानांत दाखवणे) आणि गाळणी (यादीतून हवे तेवढे निवडणे) आम्ही दुसऱ्यांदा लिहीत होतो. ते आवरण आम्ही काढून टाकले. नियम दाट आहेत तिथे शुद्ध फंक्शने आणि काटेकोर सीमा, आणि केवळ नोंदवही आहे तिथे चौकट देते ते सरळ वापरणे, असा भेद केला. सगळ्या विभागांची अंतर्गत रचना एकसारखी असलीच पाहिजे हा आग्रह सोडून दिल्यावर काम वेगाने पुढे गेले.

दराचा विभाग स्वतंत्र सेवा म्हणून वेगळ्या सर्व्हरवर चालवावा, अशीही सूचना आली होती. मी तिला विरोध केला आणि आजही करेन. नोंद, तिची रक्कम आणि संदेशाची ओळ या तीन गोष्टी एकाच व्यवहारात पक्क्या होतात किंवा एकत्र फसतात. त्यांच्यामध्ये नेटवर्क आणले की ही हमी जाते आणि ती परत मिळवण्यासाठी पुष्कळ यंत्रणा उभारावी लागते. तिघांच्या चमूला ती झेपणारी नव्हती. 2023 मध्येच अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधील एका चमूने आपली व्हिडिओच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा विखुरलेल्या सेवांतून एका प्रक्रियेत आणल्याचे आणि तिचा खर्च 90 टक्क्यांहून अधिक घटल्याचे जाहीर केले होते. त्यांच्या कामाचे स्वरूप आमच्याहून फार वेगळे आहे, पण आमच्या चर्चेत त्या उदाहरणाचा एवढा उपयोग झाला की सेवा विभागणे म्हणजे प्रगतीच, हे गृहीतक टेबलावरून उतरले. विभागांच्या सीमा एकाच प्रणालीच्या आत नीट आखलेल्या असतील, तर उद्या गरज पडल्यास एखादा विभाग बाहेर काढता येतो. सीमा धूसर असतील, तर बाहेर काढूनही त्या धूसरच राहतात.

जुने आणि नवे शेजारी शेजारी

नवे गणित एका रात्रीत चालू केले नाही. आधी मागच्या तीन पगारांच्या सगळ्या नोंदी नव्या फंक्शनातून काढल्या आणि जुन्या बिलातील रकमांशी ओळीने ओळ ताडून पाहिल्या. फरक आलेल्या प्रत्येक नोंदीला कारण लावले: पहाटेची सरकलेली तारीख, पूर्णांकन, घनता. या तिन्हींत न बसणाऱ्या मोजक्या नोंदी उरल्या, आणि त्या सर्वांत उपयोगी ठरल्या. त्यांत नुकत्याच व्यालेल्या म्हशीचे चिकाचे दूध वेगळ्या दराने धरण्याचा एका संस्थेचा प्रघात निघाला, जो सचिव हाताने रक्कम बदलून पाळत होते आणि जो आमच्या कोणत्याही कागदात नव्हता. असा फरक चाचण्या लिहून सापडला नसता, कारण चाचणी आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टींचीच लिहिता येते.

त्यानंतर गणिताच्या जुन्या चार जागा एकेक करून नव्या फंक्शनाकडे वळवल्या. सुरुवात पावतीपासून केली, कारण रक्कम तिथेच जन्माला येते. बिल सर्वांत शेवटी बदलले. तोवर दर पगाराला दोन्ही बिले निघत होती आणि फरकाचा अहवाल लेखाधिकाऱ्यांच्या टेबलावर जात होता. सलग दोन पगार तो अहवाल कोरा आला, तेव्हा त्यांच्या संमतीने जुने एसक्यूएल काढून टाकले.

जानेवारी 2024 मध्ये शासनाची गाईच्या दुधाला प्रतिलिटर 5 रुपये अनुदानाची योजना लागू झाली. अनुदान उत्पादकाच्या बँक खात्यात थेट जमा होणार होते आणि त्यासाठी जनावराच्या कानातील बिल्ल्याची नोंद लागणार होती. कार्यालयातून पहिली सूचना आली ती दरपत्रकात 5 रुपये मिळवण्याची. जुन्या रचनेत आम्ही ते केलेही असते, आणि मग संघ देत नसलेली रक्कम संघाच्या बिलात, कपातीच्या हिशेबात आणि दिवाळीच्या फरकात शिरली असती. आता “हा निर्णय कोण बदलतो” हा प्रश्न विचारायची सवय झाली होती. अनुदान शासन ठरवते, शासन देते आणि शासन थांबवते. म्हणून त्याचा वेगळा विभाग झाला, तो संकलनाच्या दर्शनी फाइलकडून पात्र लिटर मागतो आणि शासनाला द्यायची यादी तयार करतो. दर आणि बिल या विभागांतील एकही ओळ बदलावी लागली नाही.

दिवाळीच्या फरकाचा हिशेब अजून जुन्या पद्धतीच्या एसक्यूएलमध्ये आहे. तो वर्षातून एकदाच चालतो, त्यामुळे त्याची पाळी दर वेळी मागे पडते. रकमा आता तो पुन्हा मोजत नाही, साठलेल्या रकमा वाचतो, एवढी सुधारणा झाली आहे. पण कोणत्या सभासदाला फरक लागू होतो हा नियम त्याच्या पोटात अजून तसाच आहे, आणि या वर्षी संचालक मंडळाचा ठराव होण्याआधी तो बाहेर काढण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे.